गोड्या पाण्याची नळी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. एके काळी निळी होते. आता कुठे निळी आहे आणि कुठे नुसता गंज आहे, हे वाकून बघितल्याशिवाय कळायचं नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा बेटावर, ग्वाव्ह नावाच्या कोळ्यांच्या गावात, युलालीच्या अंगणातल्या नीरफणसाखाली मी उभी आहे. माझ्या मागच्या हौद्यात तिची तपकिरी कोंबडी अंडी घालते. तिचं मला काही वाटत नाही. कोंबडीने माझी जागा घेतलेली नाही.

माझी जागा घेतली ती समोरच्या छपराखालच्या पांढऱ्या व्हॅनने. आधीच सांगून टाकते, मागाहून तुम्ही म्हणायला नको की म्हातारीने लपवलं. मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, रोज सकाळी तिचं दार उघडल्याचा आवाज आला की माझ्या पोटात दुखायला लागतं.

माझा जन्म जपानमधला. तिथे मुळ्याची शेती करणाऱ्या एका आजोबांनी मला नऊ वर्षं वापरलं आणि मग बोटीत चढवून दिलं. त्या देशात नऊ वर्षांची गाडी म्हातारी समजतात. इकडे नऊ वर्षांची गाडी म्हणजे नवी नवरी. राजधानी सेंट जॉर्जेसच्या बंदरावर आम्ही चाळीस जणी ओळीने उभ्या होतो आणि माणसं येऊन आम्हाला बघत होती. कुणी रंग बघे, कुणी गादी दाबून बघे, कुणी रेडिओ वाजतो का तेवढंच बघे.

युलाली आली ती चर्चला जायच्या पिवळ्या झग्यात. तेव्हा ती डोक्यावर टोपली घेऊन पायी मासे विकत असे आणि तिची मान कायमची आखडलेली असे. तिने रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ जमिनीवर आडवी झाली, त्या चांगल्या झग्यासकट, आणि एकेकीच्या पोटाखाली हात घालून वितीने उंची मोजत सुटली.

विकणारा हसला. “मॅडम, गाडी घेताय की गाय?”

“गाय घ्यायची असती तर दात बघितले असते,” ती खालूनच म्हणाली. “आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी गटारं आहेत. पोट टेकलं तर तू येणार आहेस का उचलायला?”

चारही चाकांना इंजिनाची ओढ आहे ना, हे विचारलं. अरुंद आहे ना, हे हात पसरून बघितलं. शेवटी माझं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून कान देऊन ऐकत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “हीच.” मित्रांनो, चाळीस जणींतून. हे मी कितीदा सांगितलं तरी मला कंटाळा येत नाही.

त्यानंतरची सतरा वर्षं माझी. ग्वाव्हच्या मागे जायफळाच्या बागांमधून वर जाणारा रस्ता इतका उभा आणि चिंचोळा आहे की समोरून बस आली तर दोघांतल्या एकाला उलटं मागे जावं लागतं. मी जात असे, कुरकुर न करता. प्रत्येक वळणावर युलाली उतरायची, माझ्या डॅशबोर्डवर ठेवलेला गुलाबी पोटाचा शंख उचलायची आणि गाल फुगवून फुंकायची. आवाज दरीभर फिरायचा. बायका वाडगी घेऊन रस्त्यावर यायच्या.

“टँटी, आज काय आणलंस?” टँटी म्हणजे मावशी. सगळा डोंगर तिला टँटीच म्हणतो.

“जॅक मासे आहेत, टुना आहे. टुनाचं डोकं मागू नकोस, ते मास्तरीणबाईंचं.”

“दर आठवड्याला मास्तरीणबाईंचंच कसं गं?”

“त्या मला आधी पाणी हवंय का ते विचारतात. तू आधी काय विचारतेस?”

बायका हसायच्या आणि कुणीतरी धावत जाऊन पाणी आणायचं. मला कुणी पाणी विचारत नसे, पण माझ्या हौद्याच्या कडेवर हात टेकून त्या गप्पा मारत, आणि तेवढ्यावर माझं भागत असे.

एका वर्षी वादळाने निम्म्या बेटाची छपरं नेली. झाडं आडवी पडून रस्ते बंद झाले. तिसऱ्या दिवशी डोंगरात पोहोचलेली पहिली गाडी मी होते. पाव, पाणी आणि मेणबत्त्या घेऊन. एका म्हाताऱ्याने माझ्या बॉनेटचा मुका घेतला. चढून आलेली, तापलेली होते मी. त्याचे ओठ भाजले, तरी घेतला.

आता ती चूक सांगते. चूक युलालीची, पण तेव्हा मला ती फार आवडली होती. सकाळी बोटी किनाऱ्याला लागत. टोपल्या खांद्यावर घेऊन माणसं वाळूतून वर येईपर्यंत बाकीच्या कोळिणी पुढे होऊन चांगला माल पटकावत. युलालीने डोकं लढवलं. ती मला उलटी चालवत थेट लाटांत घालायची, मागची चाकं अर्धी बुडेपर्यंत, आणि कोळी बोटीतूनच मासे माझ्या हौद्यात ओतायचे. किनाऱ्यावरच्या बायका नाकं मुरडायच्या. “बघा, राणीसाहेबांचा रथ निघाला.” मला काय अभिमान वाटे. दुसरी कुठली गाडी समुद्रात जात होती?

समुद्राचं पाणी लोखंडाला काय करतं, हे या बेटावर शेंबडं पोरही सांगेल. युलालीलाही माहीत होतं. पण पहिलं यायची घाई असली की माहीत असलेलं बाजूला राहतं. घरी आलं की ती मला झाडाखाली लावायची, बर्फाचं खारट पाणी टपटपत राहायचं, आणि ती दमून आत जायची. रबरी नळी अंगणातच होती. टोमॅटोंना रोज पाणी मिळे. माझ्या पोटाखाली ती नळी सतरा वर्षांत एकदाही आली नाही.

दोन वर्षांपूर्वी गाड्यांच्या सरकारी तपासणीला गेले. तपासनिसाने माझ्या खाली जाऊन स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आरपार गेला. युलालीचा मेकॅनिक रॉल सोबत होता. मला सतरा वर्षं ओळखणारा माणूस. पण जीभ त्याची आधीपासूनच तिखट.

“टँटी,” तो म्हणाला, “इंजिन अजून दहा वर्षं चालेल. पण खालचा सांगाडा आता सांगाडा नाही, चाळण आहे. चढावर दोन तुकडे होतील आणि तुम्ही पुढच्या तुकड्यात असाल याची खात्री नाही.”

त्या दिवशी युलालीने मला घरी आणलं ते पायी चालल्याच्या वेगाने.

मग नवी गाडी कुठली घ्यावी, यावर सगळं ग्वाव्ह बोलू लागलं. इथे लग्न ठरवताना माणसं इतकी बोलत नाहीत. सगळ्यात मोठा आवाज सिप्रियनचा. हा युलालीचा धाकटा भाऊ. तीस वर्षं इंग्लंडात बस चालवून तो नुकताच कायमचा परत आला होता, आणि गाड्यांतलं आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत होती.

“युला, जरा बसायला बरी अशी घे. जन्मभर मासळीच्या वासात बसलीस,” तो म्हणाला, आणि एका मित्राची चांदीच्या रंगाची, जमिनीला चिकटून चालणारी गाडी दाखवायला घेऊन आला. अंगणाच्या उतारावरच तिचं पोट असं खरवडलं की कोंबड्या पळाल्या.

“वेग जरा जास्त झाला,” सिप्रियन म्हणाला.

“तुझ्यापुढे ते बदक चालत होतं, ते आधी पोहोचलं,” युलाली म्हणाली.

मी मनातल्या मनात खूप हसले. असल्या बाहुलीचा हेवा कोण करतं? बाहुली महिन्याभरात गटारात जाते आणि चार माणसं शिव्या घालत तिला उचलतात. मला वाटलं, हे असंच चालेल. एकेक गाडी येईल, एकेक नापास होईल, आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळून म्हणतील की निळीसारखी दुसरी होणे नाही.

तिसऱ्या आठवड्यात व्हॅन आली. पोट उंच. चारही चाकांना ओढ. अरुंद. मागे बंद खोकं, त्यामुळे उन्हात बर्फ वितळत नाही. मी तिच्यात खोट शोधत राहिले, दिवसचे दिवस. मिळेना. सगळं दुःख तिथेच आहे, मित्रांनो. वाईट गाडीने जागा घेतली असती तर मी सुखाने गंजले असते.

पहिल्याच दिवशी युलालीने माझ्या डॅशबोर्डवरून शंख उचलला आणि व्हॅनच्या डॅशबोर्डवर नेऊन ठेवला. सतरा वर्षांत काचेमागे त्याच्या आकाराचा गोल डाग पडला होता, तो तेवढा माझ्याकडे राहिला. डोंगरातल्या बायका घरी आल्या की व्हॅनच्या अंगावरून हात फिरवत म्हणत, “टँटी, मासे काय ताजे असतात गं आता.” आता! म्हणजे आधी काय शिळे असत? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण सगळ्यात जास्त खुपली ती नळी. युलाली या व्हॅनला समुद्रात नेत नाही. वर रस्त्यावर उभी करते आणि टोपल्या उचलून आणायला माणसं लावते. आणि रोज संध्याकाळी, कितीही दमलेली असली तरी, ती नळी ओढत आणते, गुडघे टेकते आणि व्हॅनच्या पोटाखाली गोडं पाणी मारते. चाकांच्या मागे, दारांच्या सांध्यांत, कोपऱ्याकोपऱ्यांत. वर सिप्रियनला ऐकवते, “हे मी निळीवर शिकले.” म्हणजे शिकली माझ्यावर आणि लाड त्या सवतीचे. मी समोर उभी राहून रोज ते पाणी वाहताना बघायचे. टोमॅटोंचा मला कधी हेवा वाटला नव्हता. हिचा वाटला.

व्हॅन माझ्याशी कधी बोलली नाही. मी बोलू दिलं असतं तर ना.

मला भंगारात मात्र दिलं नाही. दर रविवारी चर्चहून आली की युलाली त्याच कपड्यांत माझ्यात येऊन बसायची, किल्ली फिरवायची आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची. त्या वेळेला रेडिओवर मयतांची नावं सांगतात. ती ऐकत बसायची आणि मला सांगायची, “अगं, फ्लोरीचा नवरा गेला. नव्वदीचा होता, जगण्याला जळूसारखा चिकटून होता बिचारा.” सहा दिवस व्हॅनचे, पण ही दहा मिनिटं माझी होती. व्हॅनमध्ये बसून तिने मयतांची नावं कधी ऐकली नाहीत. मी लक्ष ठेवून होते.

या वर्षी ईस्टरच्या आधीच्या बुधवारी व्हॅन दोरीने बांधून घरी आणली. बॉनेटमधून वाफ येत होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, आता कळेल.

वेळ मोठी वाईट होती. गुड फ्रायडेला इथे कुणी मांसाला शिवत नाही. ज्या घरी मासा नाही त्या घरी त्या दिवशी चूल पेटवण्यात अर्थ नाही. सगळ्या डोंगराने युलालीला सांगून ठेवलं होतं, आणि गुरुवारी दुपारी ती शंख फुंकणार म्हणून बायका थांबलेल्या होत्या. वर जाणारी दुसरी कोळीणच नाही.

रॉल आला, बॉनेटमध्ये डोकं घालून बघून बाहेर आला. “पाण्याचा पंप गेला. जपानहून मागवावा लागेल. पाच आठवडे.”

“दुसरी गाडी भाड्याने बघू,” सिप्रियन म्हणाला.

“या आठवड्यात? या आठवड्यात इथे कुणी ढकलगाडीसुद्धा देणार नाही.” रॉल हात पुसत राहिला. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, “तसा पंप बेटावर एक आहे.”

आणि त्याने नीरफणसाकडे बघितलं. युलालीनेही बघितलं. सिप्रियनने सगळ्यात शेवटी बघितलं. दोन वर्षांत एवढ्या जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आणि मला ते नको झालं होतं.

“तो काढला तर ही चालू होणार नाही?” युलालीने विचारलं.

“पंपाशिवाय पाच मिनिटांत भाजून निघेल इंजिन. तुमचं रविवारचं ते बंद, टँटी. अन् नुसत्या उभ्या गाडीसाठी जपानहून पंप मागवण्याइतकी तुमची ऐपत नाही, हे मला माहीत आहे.”

तिने माझ्या हौद्यातलं अंडं उचललं. “उद्या सकाळी काढ,” म्हणाली आणि आत गेली.

मी ठरवलं, द्यायचा नाही. जागा घेतली, शंख घेतला, नळी घेतली. आता माझ्या पोटातलं काढून त्या सवतीच्या पोटात घालणार? माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, पण गंज होता. भरपूर होता.

गुरुवारी सकाळी रॉल आला. तीन बोल्ट निघाले. चौथा निघेना. त्याने तेल सोडलं, थांबला, पाना लावून लटकला, पुन्हा तेल सोडलं. “हातोडी मारली तर पंपाचा कान तुटेल,” तो घाम पुसत म्हणाला. “मग दोन्ही गाड्यांत कोंबड्या पाळा.” किनाऱ्यावरून बर्फ घातलेल्या मासळीची खोकी येऊन अंगणात सावलीला ठेवली होती. ऊन वर सरकत होतं. मी घट्ट धरून होते.

सिप्रियनला गप्प बसवेना. “युला, एक विचारू? मुळात ही व्हॅन घेतलीसच कशाला? बंदरावर हिच्याहून नवी होती, मोठी होती. मी सांगत होतो.”

“अकरा बघितल्या मी,” युलाली म्हणाली. ती माझ्या चाकाजवळच्या उलट्या बादलीवर बसली होती. “तू आतल्या गाद्या बघत होतास. मी बॉनेटं उघडून ऐकत होते. दहा जणींचा आवाज परका. या एकीचा निळीसारखा. पाठमोरी उभी राहून ऐकलं तरी निळीच वाटली. मग बाकीचं बघितलंच नाही.”

“म्हणजे सुट्या भागांची सोय म्हणून?”

“रॉलने तसंच सांगितलं. पण मी त्यासाठी नाही घेतली. मला नवी नकोच होती रे. मला हीच हवी होती. पण हिला मी स्वतःच्या हाताने मिठात घातली, रोज, सतरा वर्षं, चार पावलं वाचवायला.”

मित्रांनो, त्या पांढरीत माझ्याहून सरस काय आहे, ते मी दोन वर्षं शोधत होते. आणि तिला घरात आणलं होतं ते ती माझ्यासारखी वाटली म्हणून. मला राग यावा की रडावं ते कळेना. मी आणखी थोडा वेळ धरून बसले, नुसती सवय म्हणून.

रॉल पुन्हा पाना लावायला आला तेव्हा युलाली उठली. तिने माझ्या मडगार्डवर तळवा ठेवला. खवल्यांनी खरखरीत झालेला हात, मी तो कुठेही ओळखेन. “सोड गं बाई,” हळूच म्हणाली. रॉलला ऐकू गेलं नसावं.

पंप द्यायचा म्हणजे रविवार द्यायचा. फ्लोरीचा नवरा, रेडिओ, ती दहा मिनिटं, सगळं. माझ्या डोळ्यांसमोर वळणावर वाडगी घेऊन उभ्या असलेल्या त्या बायका आल्या. टँटी आली नाही असं म्हणायची वेळ त्यांच्यावर आजवर कधी आली नव्हती.

मी सोडलं. बोल्ट करकरला आणि फिरला.

“शेवटी तेल मुरलं,” रॉल म्हणाला. मुरलं म्हणे. त्याला तसंच वाटू दे.

दुपारी व्हॅन खोकी घेऊन निघाली. चढाला लागली तसा तिचा आवाज मी ऐकत राहिले, आणि पहिल्यांदाच कळलं की युलाली खरं बोलत होती. माझाच आवाज होता तो. थोड्या वेळाने वरून शंख ऐकू आला. मला वाटलं होतं आता बरं वाटेल. निम्मं वाटलं. निम्मं पूर्वीसारखंच दुखलं.

मग ईस्टरचा रविवार आला. इथे ईस्टरला पतंग उडवतात, ते गावभर उडत होते. युलाली चर्चहून येताना दिसली. ती इंजिन चालू ठेवायला यायची, आणि आता इंजिन चालणारच नव्हतं. तेव्हा यायला कारण उरलं नव्हतं. मी वाटही बघणार नव्हते. तरी बघत होते.

ती माझ्याकडे आली नाही. टोमॅटोंच्या वाफ्याकडे गेली, तिने नळ सोडला आणि नळी ओढायला लागली. मी म्हटलं, घ्या, आता रविवारीसुद्धा तिचे लाड. नळी व्हॅनपर्यंत आली. व्हॅनच्या पुढे गेली. नीरफणसापर्यंत जेमतेम पुरली, ताणून धरावी लागली. युलालीने कोंबडीला हुसकलं आणि जमिनीवर आडवी झाली, चर्चच्या चांगल्या झग्यासकट, बंदरावर झाली होती तशीच. हात माझ्या पोटाखाली घातला आणि पाणी मारायला सुरुवात केली.

गार होतं. गोडं होतं. तांबडं होऊन वाहत होतं. चाकांच्या मागे, सांध्यांत, कोपऱ्याकोपऱ्यांत. एकही जागा तिने सोडली नाही.

सिप्रियन ओट्यावर आला. “युला, काय चाललंय? ती आता चालणार आहे थोडीच.”

“माहीत आहे.”

“मग आता कशाला धुतेस?”

“राहिलं होतं,” खालून युलालीचा आवाज आला.

सिप्रियन ओट्यावरून उतरला आणि ताणलेली नळी धरून उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी तुमच्यासाठी रोज खाऱ्या पाण्यात उतरत असेल, गाडी असो की माणूस, तर त्याच संध्याकाळी नळी सोडा. दमला असाल तरी सोडा. माझ्या युलालीसारखं झग्यासकट जमिनीवर पडून धुवायची वेळ आणू नका. मला ते पाणी फार आवडलं, पण त्याने माझा सांगाडा परत आला नाही, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

हेवा गेला का, असं विचाराल. गेला नाही. मघाशी व्हॅनचं दार वाजलं तेव्हा पुन्हा दुखलंच. त्या रविवारी युलालीने नंतर नळी व्हॅनकडेही नेली. नेऊ दे. पण आधी माझ्याकडे आली होती. हवं तर कोंबडीला विचारा.